तीस पावलांवरचा उंट

अबू फहदने इद्रिसला फसवलं, आणि फसवताना माझं नाव वापरलं. अबू फहद म्हणजे सौदीतल्या खफजी गावाबाहेर ज्याचं उंटांचं मोठं वाडगं आहे तो, माझं जुनं गिऱ्हाईक. इद्रिस म्हणजे त्याच वाडग्यावरचा सुदानी राखणदार, ज्याला आता उजवा हात नाही. मी या दोघांच्या मधला दुकानदार. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे थंडीचं आणि वाळवंटाचं वर्णन येईल, आणि वर्णनात माणूस रमला की कोणी काय केलं ते विसरतो. मी विसरलेलो नाही.

थंडी परत आली आहे. खफजीत ती कुवेतच्या बाजूने येते. पहाटे शटरला हात लावला की लोखंड चावतं. समुद्रावरून कच्च्या तेलाचा वास येतो, जमिनीवरून ओल्या वाळूचा, आणि चार सरी पडून गेल्या की आठवड्याभरात वाळवंटावर हिरवी लव फुटते, नवीन दाढी आलेल्या गालासारखी. मग अख्खं गाव बाहेर पडतं. गाड्यांच्या टपावर तंबू, मागे सरपण, कोळसे, किटल्या, सतरंज्या. या दोन-तीन महिन्यांवर माझं दुकान वर्षभर उभं राहतं. दुकान कफीलाचं, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथे राहतो त्या सौदी मालकाचं; हात आणि जीभ माझी. तंबू, कंदील, दुर्बिणी आणि बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी, ज्यांना सगळे स्कोपच म्हणतात. बंदूक मी विकत नाही, तो परवाना वेगळा. गिऱ्हाईक परवान्याची बंदूक गाडीतून आणतं, मी तिच्यावर डोळा बसवून देतो.

याच दिवसांत उंटाचा नर माजावर येतो. ज्याने हे पाहिलेलं नाही त्याला उंट म्हणजे डुलत चालणारं गरीब जनावर वाटतं. माजावरचा नर दात खातो. वाडग्यापासून शंभर पावलांवर ऐकू येईल असा तो आवाज असतो, जात्यात खडे भरडल्यासारखा. त्याच्या मानेच्या मागून डांबरासारखं काळं पाणी झिरपतं आणि त्याचा वास कपड्यांतून चार धुण्यांनीही जात नाही. तोंडाला फेस. आणि मध्येच तो मान वर करून घशातून एक लाल फुगा बाहेर काढतो, जिभेएवढा नाही, नारळाएवढा, ओला, शिरांनी भरलेला, आणि तो ओठाबाहेर लोंबत ठेवून बुडबुडत राहतो. तेव्हा त्याला समोर दिसणारा दुसरा नर, माणूस, गाडी, सगळं एकच असतं. या वर्षी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तो परवा, रस्त्याकडेला गाडी थांबवून चहा घेताना. हातातला चहा सांडला. बाजूला माझी मुलगी सलमा बसली होती. म्हणाली, "अब्बा, इट्स जस्ट अ कॅमल."

जस्ट अ कॅमल. खरं आहे.

स्कोप विकत घ्यायला येणाऱ्या माणसाचं एक ठरलेलं वागणं असतं. तो खोका उघडतो, नळी हातात घेतो, दुकानाच्या दारात जातो आणि रिंग फिरवून सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेतो. मग रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचतो. मग काचेच्या कपाटातल्या बाटलीवरचं नाव वाचतो. मग ओरडतो, "माशाल्ला!" आणि झालं. मोठा आकडा स्वतःच स्वतःला विकतो, मला तोंड उघडावं लागत नाही. पाच ते पंचवीस म्हणजे वस्तू कमीत कमी पाचपट आणि जास्तीत जास्त पंचवीसपट मोठी दिसते. एक ते सहा म्हणजे एकवर ठेवलं की डोळ्याला दिसतं तेवढंच, आणि सहापर्यंत वाढतं. आता दोन खोके शेजारी ठेवा आणि विचारा कोणता हवा. मी बारा वर्षांत आपणहून लहान आकडा उचलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजली आहेत. ती सगळी खरी शिकारी होती.

मी आधी एकच प्रश्न विचारतो. किती लांबून मारणार? या प्रश्नाला माणूस वय विचारल्यासारखं खोटं उत्तर देतो. सहाशे मीटर, आठशे मीटर. ज्याला दोनशेवर गाडी दिसत नाही तोही आठशे म्हणतो.

मला हे शहाणपण कंपनीच्या पुस्तकातून आलेलं नाही. दाभोळच्या खाडीकाठी आमचं घर, धंदा होडीचा, मागे भाताचं शेत, आणि माझ्या वडिलांकडे पीक राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुक्कर आम्ही खाणारे नव्हतो, खाणारे शेजारचे होते. पण भात दोघांचंही सारखंच लोळवलं जायचं, म्हणून हाक्याला वडील बंदूक घेऊन जायचे आणि शेजारी मेलेलं डुक्कर घेऊन जायचे. डुक्कर लांबून येत नाही. झुडपातून येतं, दहा पावलांवर, आणि येतं ते सरळ. एका दिवाळीच्या आसपास शेजारच्या धोंडूकाकाची मांडी त्याने गुडघ्यापासून जांघेपर्यंत उसवली. सुळा आत शिरला तेव्हा धोंडूकाका ओरडला नाही, खाली बघत राहिला, जणू कोणीतरी त्याचं धोतर ओढलं होतं. वडिलांनी बंदूक खांद्याला लावलीच नाही. कमरेवरूनच झाडली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. घरी येताना मला म्हणाले, "जनावर जवळ असलं की अख्खं बघायचं. त्याचा तुकडा बघत बसलास तर मेलास."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अबू फहद आफ्रिकेत रानरेडा मारायला निघाला होता. नवी बंदूक आणली होती, जड, गोळी माझ्या मधल्या बोटाएवढी. तिच्यावर डोळा हवा होता.

"किती लांबून?" मी विचारलं.

"चारशे मीटर."

"रेडा चारशे मीटरवर उभा राहून तुझी वाट बघतो का, या अबू फहद?"

अरबीत हाक मारताना नावाआधी 'या' लावतात आणि सगळेच एकमेकांना तू म्हणतात, त्यामुळे भांडण लवकर रंगतं. मी एक ते सहाचा खोका काढला. त्याने तो हातात घेऊन असा बघितला जसं मी त्याला लहान मुलाची चप्पल दिली आहे.

"हा माझ्या मुलासाठी?"

"हा तुझ्या बायकोसाठी. ती विधवा होऊ नये म्हणून."

तो हसला. गाववाले मला यासाठीच सहन करतात, माझी जीभ लांब आहे आणि माल चोख आहे. मी त्याला समजावलं. रेडा झाडीत असतो, चाळीस-पन्नास पावलांवर. जखमी झाला की त्याहून जवळ. पंचवीसवर रिंग ठेवून तीस पावलांवरचं जनावर बघशील तर दीड वीत कातडं दिसेल, तेही धुरकट. डोकं कुठे, खांदा कुठे, कळणार नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात तर डोळ्याला मोहरीच्या दाण्याएवढा प्रकाश मिळेल. शिवाय एवढी जड बंदूक मागे लाथ मारते. डोळा काचेला चिकटवून झाडलीस तर भुवई फुटेल. तीन दिवस हे चाललं. तीन दिवस त्याने माझी कॉफी प्यायली आणि मी त्याचे खजूर खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्याने एक ते सहा घेतला, मी माझ्या हाताने बसवून दिला, आम्ही हात मिळवले.

आठवड्याने तो परत आला. चुलतभावांनी मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, बंदूक हातोहात फिरवली होती आणि कोणीतरी म्हणालं होतं, ही सुरमेदाणी कशाला बसवलीस वर? सगळे हसले होते. तो हे सांगताना हसत नव्हता.

"मोठा दे. पंचवीसचा."

"नाही देत."

"या अबू सलमा, तू होडीवाल्यांचा पोरगा. तू मासे धर. शिकारीचं मला शिकवू नकोस."

अबू सलमा म्हणजे सलमाचा बाप, मी. आता माझा स्वभाव सांगतो. घासाघीस मी दिवसभर करीन, पण कोणी माझ्या बापाच्या धंद्यावर गेला की डोक्यात जाळ होतो. मी पंचवीसचा खोका कपाटातून काढून काउंटरवर आपटला. म्हटलं, घे! बसवूनही देतो! आणि बसवून दिला. त्याने वचन दिलं की हा फक्त इथे निशाणा मारायला. आफ्रिकेला जाताना येऊन लहान बसवून घेईन. मला ते खोटं वाटलं होतं. तरी स्क्रू आवळले.

तिसऱ्याच दिवशी निशाणा मारताना त्याची भुवई फुटली. अर्धचंद्रासारखी खूण, पाच टाके. मला फोन करून त्याने शिव्या दिल्या. मी त्या आनंदाने ऐकल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर रुक्साना म्हणाली, "दुसऱ्याच्या कपाळाची जखम आणि तुमी ईद साजरी करताय."

इद्रिस दर गुरुवारी दुकानात यायचा, टॉर्चचे सेल घ्यायला आणि चहा प्यायला. काळा, उंच, बारीक, दात पांढरे शुभ्र, आणि चालणं असं की त्याच्या उंटांनीच त्याला चालायला शिकवलं असावं. साखर चार चमचे. मी म्हणायचो, "इद्रिस, हा चहा आहे की पाक?" तो म्हणायचा, "या अखी, भावा, उंटांत राहून माणूस कडू होतो. कुठूनतरी गोड भरावं लागतं." त्याच्या गावी त्याच्या बापाचे उंट होते, आजोबांचे होते. घरातल्या मुलांच्या आधी तो उंटांची नावं शिकला होता. हे काम त्याला येत होतं म्हणूनच तो अभिमानी होता. मला माझ्या मालाचा असतो तसा.

त्या हिवाळ्यात तो चहा अर्धा टाकून उठू लागला. वाडग्यातला मोठा नर रअद माजावर आला होता आणि या वेळचा माज नेहमीचा नव्हता. त्याने एका मादीचा कान तोडला होता. कुंपणाचा लोखंडी पाइप चावून वाकवला होता. इद्रिसने अबू फहदला सांगितलं होतं, याला मुसके घालू दे. दोन महिने, फक्त माज उतरेपर्यंत. अबू फहद नाही म्हणाला.

का नाही, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. इथे उंटांच्या सौंदर्याच्या स्पर्धा होतात. मान बघतात, मदार बघतात, आणि सगळ्यात जास्त बघतात ओठ. खालचा ओठ किती लांब लोंबतो, किती मऊ आहे, त्यावर कुठे वळ आहे का. रअदचा ओठ सगळ्या भागात नावाजलेला होता. मुसक्याने त्यावर वळ उठला असता. म्हणून मुसके नाही.

"तू सांग ना त्याला," इद्रिस मला म्हणाला. "तुझं ऐकतो तो."

मी म्हटलं, सांगतो. भेटलो की सांगतो.

भेटलो त्या शुक्रवारी. दुपारच्या नमाजनंतर वाडग्याशेजारी त्याचा तंबू लागला होता, चार पाहुणे होते, एक कुवेतहून आलेला. मटणाचं ताट मध्ये ठेवलेलं. मलाही बोलावलं होतं, कारण पाहुण्यांना बंदूक दाखवायची होती आणि काच कोणी दिली ते सांगायचं होतं. इद्रिस पाणी घेऊन आला तेव्हा त्याने सगळ्यांसमोर पुन्हा विषय काढला. हळू आवाजात, मान खाली घालून. म्हणाला, जनावर ठीक नाही. मुसके नको तर निदान दूरच्या वाडग्यात हलवू.

अबू फहद हाडातला मगज ओढत होता. म्हणाला, "इद्रिस, घाबरतोस काय? ही बंदूक बघितलीस? अबू सलमाने निवडून दिलेली काच आहे. माशीचा डोळासुद्धा फुटेल. तुला काही झालं तर मी आहे इथे."

इद्रिसने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. तीन शब्द पुरे होते: काच जवळची नाही. पण कुवेतचा पाहुणा माझ्याकडे वळून म्हणाला, हा तो हिंदी? नाव ऐकलंय. आणि मी ताटातला भात कालवत मान डोलावली. इद्रिसला वाटलं मी त्याच्याकडे बघून मान डोलावली.

अर्ध्या तासाने पाहुण्यांना फोटो हवे होते. रअद बाहेर काढला गेला. इद्रिसने त्याच्या पुढच्या पायांना पायबंद घातलेला होता, जाड दोराचा, वीतभर पावलं टाकता येतील एवढाच. उंट खुरडत चालत होता आणि ते फोटोत चांगलं दिसत नव्हतं. अबू फहद गाडीपाशी उभा होता, बोनेटवर बंदूक. तो ओरडला, "पायबंद काढ! चाल दिसू दे!"

इद्रिस म्हणाला, "या अम्म, काका, नको."

"यल्ला, काढ!"

हे मी ऐकलं. चारही पाहुण्यांनी ऐकलं. इद्रिस वाकला आणि त्याने गाठ सोडली.

रअद लगेच हलला नाही. तो तसाच उभा राहिला, फेस गाळत. इद्रिस दोर गुंडाळत मागे सरकला, पाठ न दाखवता, हळूहळू. मग त्या लांब मानेचा एक झोका आला, आणि इद्रिसचा उजवा दंड खांद्याखाली त्याच्या तोंडात होता. मी हाड मोडण्याचा आवाज पूर्वी ऐकला होता, पण तो एकदाच होतो. हा होतच राहिला. उंटाने त्याला जमिनीवरून उचललं. साडेसहा फुटी माणूस, आणि तो ओल्या टॉवेलसारखा डावीकडून उजवीकडे आपटला जात होता. त्याच्या पायातली एक वहाण उडून ताटात पडली. नंतर उंटाने त्याला खाली टाकलं आणि गुडघे वाकवायला सुरुवात केली. उंटाच्या छातीखाली चामड्याची एक कडक गादी असते, दगडासारखी. माजावरचा नर माणसावर बसतो तो त्या गादीने. घासतो. धोंड्याखाली मिरची वाटावी तसं.

अबू फहदने बंदूक खांद्याला लावली. तीस पावलं. मी मोजायला थांबलो नव्हतो, पण नंतर पोलिसांनी टेप लावली तेव्हा तेवढीच भरली.

"वेन हू? वेन हू?" तो ओरडत होता. कुठे आहे, कुठे आहे. दोन मजली घराएवढं जनावर त्याच्या समोर होतं आणि तो विचारत होता कुठे आहे. रिंग पंचवीसवर होती. जेवणाआधी पाहुण्यांना क्षितिजावरचा मनोरा दाखवला होता, तशीच राहिली होती. त्याला काचेत भुऱ्या रंगाचा धूर दिसत होता. केस. फक्त केस. बंदुकीचं तोंड उंटावरून आकाशात, आकाशातून वाळूत हिंडत होतं.

"काच सोड! वरून बघ!" मी ओरडलो. "नळीच्या बाजूने बघ, गाढवा!"

त्याने झाडली. गोळी मदारीत गेली. मदारीत चरबी असते. तिथे गोळी म्हणजे गांधीलमाशी. बंदुकीने मागे लाथ मारली, काचेची कड बरोबर जुन्या जखमेवर बसली, आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्ताची चादर ओढली गेली. आता त्याला काहीच दिसत नव्हतं. उंटाने गोळीचा राग खाली काढला. मान वळवून पुन्हा तोच दंड धरला आणि ओढला. इद्रिस तेव्हा पहिल्यांदा ओरडला. त्यात कोणतीही भाषा नव्हती.

पाहुण्यांचा पिकअप चालू होता, हीटरसाठी. मी त्यात कसा बसलो ते आठवत नाही. गिअर टाकलेला आठवतो. उंटाच्या बरगड्यांत गाडी घातली, ताशी किती वेगाने ते देव जाणे. बोनेट दुमडलं, काच फुटून माझ्या मांडीवर आली, आणि ते धूड इद्रिसवरून बाजूला कोसळलं. पाय हवेत. एका पायाने दार आत चेपलं, माझ्या गुडघ्यापर्यंत. मग कुवेतच्या पाहुण्याने अबू फहदच्या हातातून बंदूक हिसकावली, चार पावलांवर गेला, आणि स्कोपकडे न बघता, नळी कानामागे टेकवून गोळी घातली. डोकं पडलं. तो नावाजलेला ओठ वाळूत पसरला, त्यावर एकही वळ नव्हता.

इद्रिस जगला. हात खांद्यापासून चार बोटं ठेवून कापावा लागला.

इथपर्यंत अपघात म्हणता येईल. पुढचा अपघात नव्हता.

पोलिसांनी विचारलं, पायबंद कोणी काढला? अबू फहद म्हणाला, राखणदाराने, स्वतःहून, मी नको म्हणत असताना. त्यांनी विचारलं, एवढ्या जवळून गोळी का चुकली? अबू फहद म्हणाला, हिंदीने दिलेली काच सदोष होती. त्याने खात्री दिली होती की हिच्यातून कोणतंही जनावर कितीही अंतरावर मारता येतं. चारही पाहुण्यांनी तेच सांगितलं. फोटोसाठी ज्यांचे फोन हातात होते त्यांच्यापैकी एकाच्याही फोनमध्ये काही निघालं नाही. मी जे सांगितलं ते लिहून घेतलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं, कारण मी ज्याच्यावर आरोप आहे तो होतो. स्कोप तपासायला गेला, चार महिन्यांनी परत आला. दोष काही नव्हता. तसं सांगणारा कागद मला मिळाला, पण तोपर्यंत बाजारात बोलून झालं होतं.

आणि इद्रिससमोर हॉस्पिटलच्या खाटेवर एक कागद ठेवला गेला. त्यात लिहिलं होतं, पायबंद मी माझ्या मनाने काढला. त्याला वाचता येत नाही. त्याला सांगितलं गेलं की हा घरी जाण्याचा कागद आहे. त्याने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. उजवा नव्हताच.

मी त्याला निरोप द्यायला गेलो होतो. तो खिडकीकडे बघत होता. म्हणाला, "या अखी, मी गाठ सोडली ती त्याने सांगितलं म्हणून. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग गावी कोणी विचारलं तर मी तुझं नाव सांगू?"

मी म्हटलं, सांग. पण त्याच्या गावी माझ्या नावाला कोण विचारतो? त्याच्या गावी तो कागद त्याच्याबरोबरच पोचला. तिथे उंटांची माणसं राहतात. माजावरच्या नराचा पायबंद आपल्या मनाने सोडणारा राखणदार, ही तिथे हात जाण्यापेक्षा मोठी नामुष्की. हात गेलेल्या माणसाला ते कळप राखायला देतील. एका हाताने राखणारे तिथे आहेत. अक्कल गेलेल्याला देणार नाहीत. फोनवर तो हे सांगतो तेव्हा रडत नाही, मला चहात साखर किती घालतोस ते विचारतो. त्याच्या चुलत्याने उंट दुसऱ्याकडे सोपवले. आता तो बाजारात बसून लोकांच्या वहाणांची राखण करतो.

रुक्साना म्हणते, "झालं ते झालं. त्याचा हात गेला, आता तुमी इकामा घालवा. मग सलमाची शाळा काय त्या उंटाच्या मदारीवर भरवणार?" तिचं बरोबर आहे, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो गेला की सगळं गेलं. कफील म्हातारा आहे, भला आहे, तोही म्हणतो, मोठ्या माणसाशी वैर नको. दोन हिवाळे मी त्यांचं ऐकलं. अबू फहद रस्त्यात भेटला की कैफ हालक, कसा आहेस, विचारायचा आणि मी अल्हम्दुलिल्ला म्हणायचो.

गेल्या आठवड्यात तो दुकानात आला. भुवईवर दोन अर्धचंद्र, एकावर एक. नवी बंदूक घेतली आहे म्हणाला, पुन्हा आफ्रिकेला निघाला आहे. औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे त्याने बघितलं नाही. दारात गेला नाही. खाली वाकून, दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "एक ते सहा आहे का?"

मी खोका काढला. काउंटरवर ठेवला आणि वर हात ठेवला.

"पंचवीसचा काय झाला?"

"जुनं सोड, या अबू सलमा. खलास."

"तो चांगला होता की सदोष?"

त्याने खोका ओढला, मी सोडला नाही. दोघे तसेच उभे राहिलो, काउंटरच्या दोन बाजूंना, भाव ठरत नसल्यासारखे. मग त्याने हात काढून घेतला आणि गेला. म्हणजे त्याला माहीत आहे. काचेत दोष नव्हता, आकड्यात होता, आणि आकडा कोणाचा हट्ट होता ते त्याला पक्कं माहीत आहे. माहीत असून दोन वर्षं तो कागद तसाच ठेवला आहे त्याने.

माझ्या वाट्याचं मी इथे लिहिलं आहे. रागाच्या भरात चुकीची काच माझ्या हाताने आवळली. मुसक्याबद्दल बोलतो म्हणालो आणि बोललो नाही. इद्रिसने माझ्याकडे पाहिलं तेव्हा भात कालवत मान डोलावली. हे मी इद्रिसला फोनवर सांगितलं, सगळं. तो म्हणाला, तू निदान सांगतोस.

अबू फहद, तू मराठी वाचणार नाहीस. म्हणून हेच मी अरबीत लिहून घेतलं आहे आणि येत्या शुक्रवारी नमाजनंतर तुझ्या मजलिसमध्ये घेऊन येणार आहे, ते चौघे बसलेले असतील तेव्हा. इकाम्याचं काय व्हायचं ते होऊ दे. इद्रिस फोनवर असेल, आणि त्याच्या बाजूला त्याचा चुलता. मला माझ्या काचेचं नाव परत नको, ते मी माझं मिळवीन. एवढंच विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही. पायबंद काढायला कोण म्हणालं? सांग. मोठ्याने सांग, त्याच्या चुलत्याला ऐकू जाईल असं.